महाकाय ग्रहांचे वर्णपट आणि पुराव्याची शिस्त

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यात वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून के२-१८ बी या ग्रहाची वार्ता सर्वत्र पसरली. केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्याच जातीच्या एका रेणूच्या खुणा आढळल्याचे जाहीर केले होते. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून निर्माण होतो. त्यामुळे 'परग्रहावर जीवसृष्टी' हा मथळा तयार होण्यास वेळ लागला नाही, आणि शास्त्रज्ञ भारतीय वंशाचे असल्याने त्यात अभिमानाचीही भर पडली. मूळ निबंधाने त्या खुणेची खात्री 'तीन सिग्मा' एवढी सांगितली होती. तो रेणू नसतानाही केवळ योगायोगाने असा उंचवटा दिसण्याची शक्यता हजारात सुमारे तीन, एवढाच त्याचा अर्थ. 'जीवसृष्टी असण्याची ९९.७ टक्के खात्री' असा अर्थ त्यातून निघत नाही. परंतु अनेकांनी तोच काढला. पुढील काही आठवड्यांत आणि महिन्यांत इतर संशोधकांनी तीच निरीक्षणे वेगळ्या रीतीने तपासून, ती खूण ठाम म्हणता येत नाही असे मांडले. ही दुसरी वार्ता मात्र आमच्या वाचनात कोणत्याही पहिल्या पानावर आली नाही.

स्मरणिकेसाठी लेख लिहिताना आम्ही हा विषय का निवडला, असा प्रश्न काही सहकाऱ्यांना पडला. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत. ग्रहताऱ्यांशी आमचा संबंध वाचनापुरता. परंतु पुरावा कसा तपासावा हा प्रश्न इतिहासाचाही आहे. आमचे स्पष्ट मत असे आहे की, सूर्यमालेबाहेरील ग्रहांविषयी निवासी शाळेतील मुलामुलींना काही शिकवावयाचे असेल, तर आरंभ जीवसृष्टीच्या शोधापासून करू नये. तो गुरू-शनीसारख्या महाकाय वायुग्रहांपासून करावा. आणि जे सापडले त्याच्या शेजारीच, जे सापडले असे वाटले व पुढे टिकले नाही, तेही फळ्यावर लिहावे. जीवसृष्टीच्या वार्तेत ज्या पद्धतीचा आधार घेतला जातो, ती खरोखर घडली, चुकली आणि सुधारली ती या महाकाय ग्रहांवरच.

प्रथम ही पद्धत काय आहे ते पाहू. लोलकातून सूर्यप्रकाश नेला की त्याचे सात रंग होतात, हे आपण सहावी-सातवीत शिकतो. १८१४ च्या सुमारास जर्मनीतील योझेफ फ्राउनहोफर याने हा रंगपट्टा अधिक बारकाईने पाहिला, तेव्हा त्यात शेकडो काळ्या रेघा दिसल्या. त्याने त्यांपैकी ५७४ रेघांची नोंद केली आणि ठळक रेघांना अक्षरे दिली. फ्राउनहोफर काच-कारागिराचा मुलगा होता. अकराव्या वर्षी पोरका झाला, काचेच्या कारखान्यात उमेदवारी केली, विद्यापीठाचे तोंडही त्याने पाहिले नाही. रेघा त्याने मोजल्या. परंतु त्यांचा अर्थ त्याला कळला नाही. त्या रेघा पुढे पंचेचाळीस वर्षे न वाचता आलेल्या लिपीसारख्या पडून होत्या.

लिपीची उपमा आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत. अशोकाचे स्तंभ आणि शिलालेख शतकानुशतके या देशात उभे होते. लोक त्यांना भीमाची गदा म्हणत, पूजीत. पण ते वाचू शकणारा कोणी उरला नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याला ब्राह्मी लिपीची किल्ली सापडली ती सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांत. बहुतेक लेखांचा शेवट त्याच अक्षरांनी होत होता. हे दान देणाऱ्यांचे लेख असावेत असा तर्क करून त्याने 'दानं' हा शब्द वाचला, आणि एका शब्दावरून सारी वर्णमाला उलगडली. वर्णपटाच्या बाबतीत हेच काम १८५९-६० मध्ये हायडेलबर्ग येथे किरखॉफ आणि बुन्सेन यांनी केले. त्यांचा 'दानं' हा शब्द म्हणजे सोडियम. चुलीवर डाळ उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते, हे आपल्या घरात सर्वांनी पाहिले आहे. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा. किरखॉफ याने दाखविले की फ्राउनहोफरने 'डी' हे नाव दिलेली सूर्यातील काळी रेघ नेमकी त्याच जागी येते. तप्त सोडियम ज्या रंगाचा प्रकाश टाकतो, तोच रंग त्याची वाफ मागून येणाऱ्या प्रकाशातून शोषून घेते. म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे. ताऱ्यांचे रासायनिक घटक मनुष्याला कधीच कळणार नाहीत, असे फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत याने १८३५ मध्ये लिहून ठेवले होते. तो १८५७ मध्ये वारला, दोनच वर्षे आधी.

आता ग्रहांकडे वळू. ५१ पेगासी बी हा सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये मायोर आणि केलो यांनी शोधला, व त्यासाठी त्यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती अवघ्या सव्वाचार दिवसांत फेरी घालतो. गुरूला सूर्याभोवती फिरण्यास जवळजवळ बारा वर्षे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वेळच्या शास्त्रज्ञांचा गोंधळ समजतो. ताऱ्याला इतके चिकटून फिरणारे हे तप्त महाकाय ग्रह कोणाच्याही पुस्तकात नव्हते.

१९९९ मध्ये एचडी २०९४५८ बी हा असाच ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना प्रथमच पाहिला गेला. शुक्राचे अधिक्रमण आपल्यापैकी काहींनी २००४ आणि २०१२ मध्ये पाहिले असेल. हाही तसाच प्रकार. फरक एवढाच की येथे ग्रहाचा ठिपका दिसत नाही, ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने घटतो एवढेच कळते. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेवरील वातावरणातून गाळून येतो. वातावरणात सोडियम असेल, तर सोडियमच्या पिवळ्या रंगात ग्रह किंचित मोठा भासेल, कारण त्या रंगाला तेथील हवा अपारदर्शक असते. डेव्हिड शार्बोनो व सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने पाहिले, तेव्हा त्या रंगात प्रकाश ०.०२३२ टक्के जास्त घटलेला आढळला. दहा हजार रुपयांत सुमारे सव्वादोन रुपये कमी भरावेत, एवढी ही तूट. सूर्यमालेबाहेरील ग्रहाच्या हवेचा हा पहिला पुरावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाकाय ग्रहच का, याचे उत्तरही येथेच मिळते. सूर्यासमोरून गुरू गेला तर दूरच्या निरीक्षकाला सूर्य एक टक्क्याने मंद दिसेल. पृथ्वी गेली तर एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. शिवाय पृथ्वीची हवा नायट्रोजन-ऑक्सिजनची, म्हणजे जड आणि थंड. ती जमिनीला घट्ट चिकटून असते. साडेआठ किलोमीटर वर गेले की हवेचा दाब जवळपास एक-तृतीयांश उरतो. तप्त महाग्रहांची हवा हायड्रोजनची, हलकी आणि फुगलेली. तिचा दाब तेवढाच उतरण्यास शेकडो किलोमीटर वर जावे लागते. साहजिकच ताऱ्याचा प्रकाश गाळणारी कडा रुंद असते. सुटे अणू दृश्य प्रकाशात रेघा उमटवितात. रेणूंचा कारभार मुख्यतः अवरक्त किरणांत चालतो. रेणूतील अणू एकमेकांशी जणू स्प्रिंगने बांधलेले असतात, आणि प्रत्येक स्प्रिंग आपल्या ठरावीक तरंगलांबीलाच थरथरते. मिथेन ३.३ मायक्रॉनला, कार्बन डायऑक्साइड ४.३ ला, कार्बन मोनॉक्साइड ४.७ च्या आसपास. अडचण अशी की हीच बाष्पे आणि हेच वायू आपल्या डोक्यावरच्या हवेतही आहेत, व जमिनीवरून पाहणाऱ्या दुर्बिणीला ते आड येतात. इग्नास स्नेलेन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यातून सुरेख वाट काढली. ग्रह वेगाने फिरत असल्यामुळे त्याच्या रेघा क्षणाक्षणाला सरकतात. पृथ्वीच्या हवेच्या रेघा जागच्या जागी राहतात. चिलीमधील मोठ्या दुर्बिणीने त्यांनी सरकणाऱ्या रेघा वेगळ्या काढल्या, एचडी २०९४५८ बी वर कार्बन मोनॉक्साइड दाखविला, आणि ग्रहाचा कक्षेतील वेग सेकंदाला १४० किलोमीटर असल्याचेही मोजले.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही विज्ञान पुस्तकात सापडेल. आम्हाला जे सांगावयाचे आहे ते एचडी १८९७३३ बी या दुसऱ्या ग्रहाविषयी. हा ग्रह सुमारे ६४ प्रकाशवर्षांवर आहे. गुरूपेक्षा किंचित मोठा, तापमान नऊशे अंश सेल्सिअसहून अधिक. मार्च २००८ मध्ये मार्क स्वेन, गौतम वशिष्ठ आणि जोव्हाना तिनेत्ती यांनी हबल दुर्बिणीवरील निकमॉस या उपकरणाच्या निरीक्षणांवरून जाहीर केले की या ग्रहाच्या हवेत मिथेन आहे. परग्रहावर सापडलेला पहिला सेंद्रिय रेणू म्हणून जगभर त्याचा गाजावाजा झाला. २०११ मध्ये नील गिब्सन, फ्रेडरिक पाँ आणि सुझान एग्रे यांनी तीच, होय तीच, निरीक्षणे पुन्हा काढली. निकमॉस हे उपकरण मुळात अशा सूक्ष्म मोजणीसाठी बनविलेले नव्हते. दुर्बीण पृथ्वीभोवती फिरताना तापते, निवते. तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर केसभर इकडेतिकडे सरकतो. आणि त्यामुळे मोजलेल्या प्रकाशात जो चढउतार होतो, तो ग्रहाच्या खुणेपेक्षा मोठा असतो. हा दोष गणिताने वजा करावा लागतो. गिब्सन प्रभृतींनी दाखविले की वजाबाकीची रीत थोडी बदलली की मिथेनचा उंचवटाही बदलतो. म्हणजे तो उंचवटा ग्रहाचा की उपकरणाचा, हे ठरविता येत नव्हते. वाद पुढेही चालू राहिला. शेवटी जेम्स वेब दुर्बिणीने त्याच ग्रहाची निरीक्षणे केली, व ग्वांगवेई फू यांच्या गटाने ती जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. पाण्याची वाफ सापडली, कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड सापडले, आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही सापडला. मिथेन सापडला नाही.

या सोळा वर्षांच्या कथेत कोणी लबाडी केली नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पहिल्या गटाने उपलब्ध साधनाच्या टोकाशी जाऊन एक विधान केले; दुसऱ्या गटाने त्या विधानाचा पाया तपासला; तिसऱ्याने अधिक चांगल्या साधनाने पाहिले. इतिहासात याला आम्ही साधन-चिकित्सा म्हणतो. कागद काय म्हणतो याच्या आधी, कागद कोणी लिहिला, नक्कल करणाऱ्या लेखनिकाने काय बिघडविले, हे पाहावे लागते. प्रिन्सेपचेच उदाहरण पुन्हा घेऊ. लिपी बिनचूक वाचल्यावरही 'देवानंपिय पियदसि' म्हणजे सिंहलद्वीपाचा राजा असावा, असे त्याला प्रथम वाटले. पाली ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर याने तो मौर्य अशोक असल्याचे दाखविले, आणि खुद्द अशोकाचे नाव कोरलेला मास्कीचा लेख सापडण्यास १९१५ साल उजाडावे लागले. अक्षर वाचणे ही एक पायरी, अक्षराचा धनी ओळखणे ही दुसरी.

सोडियमच्या त्या पहिल्या पुराव्यालाही चिकित्सेतून सूट मिळाली नाही. २०२० मध्ये नुरिया कासासायास-बारिस व सहकाऱ्यांनी, एचडी २०९४५८ बी च्या हवेत सोडियम आहे का, असा प्रश्नच आपल्या निबंधाचे शीर्षक म्हणून घातला. तारा स्वतःभोवती फिरतो, त्याची एक बाजू आपल्याकडे येते व दुसरी दूर जाते. ग्रह त्याचा कोणता भाग झाकतो यावर ताऱ्याच्याच सोडियम-रेघेचा आकार बदलतो, आणि तो बदल ग्रहाच्या हवेचा आहे असा भास होऊ शकतो, असा त्यांचा मुद्दा होता. पाठ्यपुस्तकात स्थिरावलेला शोध अठरा वर्षांनी पुन्हा उघडून तपासला जातो, आणि तो तपासणाऱ्यांना कोणी वाळीत टाकीत नाही. आमच्या मते या साऱ्या विषयातली मुलांपर्यंत पोहोचविण्याजोगी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच आपल्या प्रश्नोत्तरांच्या वह्यांत नसते.

चिकित्सा म्हणजे सगळेच संशयास्पद, असा गैरसमज मात्र होऊ नये. वास्प-३९ बी हा ग्रह सुमारे सातशे प्रकाशवर्षांवर आहे. वस्तुमान शनीएवढे, आकार गुरूहून मोठा, तापमान सुमारे नऊशे अंश. १० जुलै २०२२ रोजी जेम्स वेब दुर्बिणीने त्याचे अधिक्रमण टिपले. ४.३ मायक्रॉनच्या जागी कार्बन डायऑक्साइडचा जो उंचवटा उभा राहिला, त्याची खात्री सव्वीस सिग्मा होती. वेगवेगळ्या गटांनी आपापल्या स्वतंत्र रीतीने निरीक्षणांची वजाबाकी केली आणि सर्वांना तो डोंगर त्याच जागी दिसला. तीन सिग्मा आणि सव्वीस सिग्मा यांत किती अंतर आहे, हे ज्या विद्यार्थ्याला समजले, त्याला वृत्तपत्र वाचता येते असे आम्ही म्हणू. याच वर्णपटात ४.०५ मायक्रॉनला एक लहानसा उंचवटा होता, ज्याचा धनी प्रथम कोणालाच सांगता येईना. पुढे तो सल्फर डायऑक्साइडचा ठरला. त्या ग्रहावर हा वायू मुळात असण्याचे कारण नव्हते. ताऱ्याचे अतिनील किरण पाण्याचे रेणू फोडतात, त्यांच्या तुकड्यांची हायड्रोजन सल्फाइडमधून सुटणाऱ्या गंधकाशी गाठ पडते आणि हा वायू तयार होतो. आपल्या डोक्यावरचा ओझोनही सूर्यकिरणांच्या अशाच फोडाफोडीतून बनतो. सूर्यमालेबाहेर अशी प्रकाशरासायनिक क्रिया प्रथमच दिसली.

ही निरीक्षणे जेम्स वेबच्या ज्या उपकरणाने घेतली, त्यात प्रकाश फाकविण्याचे काम एक लोलक करतो. लोलक! आमच्या तीस वर्षांच्या सेवेत आम्ही पुष्कळ शाळांच्या प्रयोगशाळा पाहिल्या. फुटेल म्हणून कपाटात कुलूपबंद असलेला लोलक प्रत्येक ठिकाणी होता. दप्तरी नोंदीत तो सुस्थितीत होता आणि विद्यार्थ्यांच्या हाती तो कधी लागला नव्हता. साधनाची नोंद चोख ठेवणे हेच विज्ञान-शिक्षण, असा काहींचा समज दिसतो.

याच संदर्भात आपल्या महाराष्ट्रातील एका गोष्टीचा उल्लेख करणे आम्हाला आवश्यक वाटते, जरी ती काहींना रुचणार नाही. दरवर्षी १८ ऑगस्टच्या सुमारास विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियमचा दिवस साजरा होतो. १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉक्यर यांनी तेथील 'साहेबाच्या कट्ट्या'वरून हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. वस्तुतः लॉक्यर १८६८ मध्ये हिंदुस्थानात आलेच नव्हते. त्या ग्रहणाचे वर्णपट घेतले ते गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन व मेजर टेनंट यांनी, जमखंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी आणि विजापूर येथे कॅप्टन हेग यांनी. लॉक्यर यांनी ग्रहणाशिवायच सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये घेतला. सोडियमच्या जवळ असलेली, पण सोडियमची नसलेली एक पिवळी रेघ त्यांनी नव्या मूलद्रव्याची मानली. ते भारतात आले १८७१ च्या ग्रहणासाठी, आणि तेव्हा त्यांचा तळ केरळच्या किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यावर होता. समुद्रकाठचा किल्ला, तोच साहेब, तेच ग्रहण. स्मृतीची सरमिसळ होण्यास एवढे पुरेसे असावे. विजयदुर्गच्या कट्ट्यावरून कोणीतरी ग्रहण पाहिलेही असेल. परंतु गावाविषयीच्या प्रेमापोटी पुरावा नसलेले श्रेय घ्यावयाचे आणि मुलांना मात्र वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवावयाचा, या दोन गोष्टी एका व्यासपीठावर शोभत नाहीत. उत्सव खुशाल व्हावा. गुंटूर, जमखंडी व विजापूर यांची नावे तेथे घ्यावीत.

ती पिवळी रेघ कोणाची, हे सत्तावीस वर्षे वादात होते. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवरील खनिजात सापडला, तेव्हाच वाद मिटला. आणि २०१८ मध्ये जेसिका स्पेक या पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने व तिच्या सहकाऱ्यांनी वास्प-१०७ बी या फुगीर ग्रहाच्या हवेत हेलियम दाखविला. त्या ग्रहाची हवा अवकाशात सुटून चालली आहे, हे त्याच रेघेवरून कळले.

वर्णपट वाचताना आणखी एक सावधगिरी लागते, आणि ती जगाला एका भारतीयाने शिकविली. रेघ दिसली नाही म्हणजे पदार्थ नाही, असे होत नाही. तापमान अनुकूल नसेल तर पदार्थ विपुल असूनही त्याची रेघ दिसत नाही. हे नाते मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये समीकरणात मांडले. ढाक्याजवळच्या खेड्यातील लहानशा किराणा दुकानदाराचा हा मुलगा. कोलकात्यात शिकत असताना वसतिगृहातील उच्चवर्णीय मुलांनी त्यांच्यासोबत एका पंक्तीत जेवण्यास हरकत घेतली होती. निवासी शाळेच्या भोजनगृहात ज्यांनी वर्षे काढली आहेत, त्यांना या एका वाक्याचा अर्थ आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. साहांच्या समीकरणाने ताऱ्यांचे वर्णपट तापमानाच्या भाषेत वाचता येऊ लागले. महाकाय ग्रहांच्या बाबतीतही तापमानाचा असाच हात असतो. गुरू थंड असल्याने त्याचा कार्बन मिथेनच्या रूपात आहे, हे रूपर्ट व्हिल्ट यांनी १९३२ मध्येच ओळखले होते. तप्त ग्रहांवर तोच कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात जातो. मधल्या, कोमट ग्रहांवर मिथेन दिसावयास हवा होता, आणि कित्येक वर्षे तो दिसत नव्हता. २०२३ मध्ये वास्प-८० बी या ग्रहावर तो जेम्स वेबने ठळकपणे दाखविला. दुसऱ्या टोकाला केल्ट-९ बी हा ग्रह आहे. त्याची दिवसाची बाजू चार हजार अंशांहून तप्त आहे. तेथे रेणू तुटतात आणि लोहाची व टायटेनियमची वाफ आयनांच्या रूपात आढळते. ग्रहाच्या हवेला साहांचे समीकरण लावावे लागेल, ही कल्पना १९२० मध्ये कोणाच्या मनातही आली नसती.

पालकसभेत आम्हाला विचारले जाते, आणि रास्तपणे विचारले जाते, की गावात प्यावयाच्या पाण्याची बोंब असताना सातशे प्रकाशवर्षांवरच्या वायूचे आमच्या मुलांनी काय करावे? एक उत्तर व्यवहाराचे आहे. वास्प-३९ बी वर ज्या ४.३ मायक्रॉनच्या पट्ट्याने कार्बन डायऑक्साइड ओळखला, त्याच पट्ट्याच्या आधारे शस्त्रक्रियागृहात भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास तपासला जातो. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईमधील मौना लोआ पर्वतावर पृथ्वीच्या हवेतील हाच वायू अवरक्त शोषणाने मोजण्यास आरंभ केला. तेव्हा दर दहा लाखांत सुमारे ३१५ भाग असलेले प्रमाण आज ४२० च्या पुढे गेले आहे. पावसाचे वेळापत्रक बिघडल्याची जी चर्चा आपल्या शेतकरी पालकांत चालते, तिच्या मुळाशी हा आकडा आहे. रक्तातील सोडियम-पोटॅशियम मोजणारे ज्योत-प्रकाशमापक हे उपकरणही बुन्सेनच्या ज्योतीचेच वंशज.

दुसरे उत्तर आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या घरात शिक्षणाची ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे, त्या घरातील मुलाला छापील शब्दाचा फार मोठा धाक असतो. पुस्तकात आहे, साहेब म्हणाले, दूरचित्रवाणीवर दाखविले, एवढ्यावर त्याचा प्रश्न संपतो. त्याच्या आजोबांचा प्रश्न पोथीत आहे एवढ्यावर संपत असे. जेम्स वेबची वास्प-३९ बी विषयीची ती निरीक्षणे घेतल्याबरोबर सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली होती. ती उतरवून घेण्यास शिफारस लागत नाही, आडनाव सांगावे लागत नाही. अर्थात संगणक, इंग्रजी आणि गणित लागते, आणि ते देण्यात आपल्या शाळा कमी पडतात, हेही तितकेच खरे आहे. खुल्या दाराशी पोहोचण्याचा रस्ता खडकाळ असेल तर दार उघडे असल्याचे कौतुक किती करावे, असे कोणी विचारल्यास आम्ही त्याला चूक म्हणणार नाही.

म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीपुढे आमच्या दोन साध्या सूचना आहेत. लोलकांचे कपाट उघडावे आणि आठवीच्या पुढील प्रत्येक मुलामुलीने जुनी सीडी व पुठ्ठ्याचे खोके यांपासून आपला वर्णपटदर्शक स्वतः बनवावा. नळीचा दिवा, मिठाची ज्योत आणि आकाशाचा उजेड (सूर्याकडे थेट कदापि नव्हे) यांतून पाहून काय दिसले ते वहीत काढावे, शेजाऱ्याच्या चित्राशी जुळले नाही तरी खोडू नये. दुसरी सूचना प्रयोगशाळेच्या भिंतीसाठी. तेथे सध्या शास्त्रज्ञांच्या तसबिरी आहेत, त्या असाव्यात. त्यांच्या खाली एचडी १८९७३३ बी या ग्रहाचा एक तक्ता लावावा: २००८, मिथेन आहे, २०११, सांगता येत नाही, २०२४, नाही, हायड्रोजन सल्फाइड आहे. तक्ता खडूने लिहिण्याजोगा काळा असावा, रंगवून पक्का करू नये.